धुऱ्यावरचे रोडगे

म्हाताऱ्याच्या तोंडातून फेस येत होता आणि मी त्याला बगलेत हात घालून धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरच्या, बाभळीखाली ओढत होते. डोळे उघडे होते, पण स्वतःच्या बायकोला ओळखत नव्हता.

कपाशीवर फवारणी चालली होती. पंपाचं नोझल तुंबलं. त्याने ते काढलं, तोंडाला लावलं आणि जोरात फुंकलं. आमच्याकडे सगळेच असं करतात. काडी शोधायला कोण जातं? तोंड जवळ असतं. सदराही सकाळपासून औषधाने ओला होता.

धुऱ्यापलीकडचं वावर धाकट्या जावेचं. धुरा त्यांनी आमच्याकडे सरकवला, असं आमचं म्हणणं. त्यांचं म्हणणं उलटं. त्यावरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. एका लग्नात दोघी एकाच पंगतीत तोंड फिरवून जेवलो होतो. माझा आरडाओरडा ऐकून तीच पहिली धावत आली, हातात पाण्याची कळशी घेऊन.

"बाई, सदरा काढा त्याईचा! उभ्या काऊन राह्यल्या?"

"बटनं निघून नाही राह्यले."

"मंग फाडा! सदरा मोठा का माणूस मोठा?"

शेवटी तिनेच फाडला. अंगावर कळशी ओतली. तिच्या माहेरी फवारणीतच एक माणूस गेला होता, म्हणून तिला ठाऊक होतं. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, मलकापूरच्या बाजारासाठी तीनचाकीत वांगी भरत होता. त्याने भरलेली कॅरेटं रस्त्याच्या कडेला उलटी केली आणि भावाला गाडीत घातलं. मी आणि जाऊ चढलो तेव्हा पायाखाली वांगी चिरडली.

मलकापूरच्या दवाखान्यात नळ्या लावल्या. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या बाया मला समजावू लागल्या, वेळेवर आणलं, देवाचे आभार माना. मला संताप आला. त्या गेल्यावर मी जावेला म्हटलं, "आभार कायचे मानू? माणूस आत मरून राह्यला."

"तुमी नका मानू. मी नवस बोलली. भासरे उठून बसले का मारोतीले रोडगे."

"मले न इचारता?"

"इचारलं असतं तं तुमी नाहीच म्हटलं असतं."

ते खरं होतं. मला हसू आलं. तशा जागी हसू येतं हे तोवर मला माहीत नव्हतं.

तो घरी आला, पण पूर्वीचा माणूस आला नाही. हात थरथरायचे. पाण्याचा गिलास धरता येईना, कुदळ तर लांबच. कापूस फुटून वावर पांढरं झालं होतं आणि वेचायला मी एकटी. गावातली माणसं येत, चहा पीत आणि म्हणत, नशीब समजा. मी समजत नव्हते. अर्धा माणूस परत मिळाला म्हणून पंगत घालायची?

मग जाऊ गोवऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन दारात उभी राहिली.

"चाला. देवाले किती दिवस बसवून ठेवता?"

"करायचे कुठं?"

"धुऱ्यावर. म्हणजे कोणाच्या वावरात धूर गेला म्हणून भांडायले नको."

"राख पण अर्धी अर्धी वाटून घेऊ," मी म्हटलं.

रोडगे म्हणजे गव्हाच्या कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. सोबत वांग्याची भाजी. नवसाची कणीक ज्याच्यासाठी नवस त्याच्याच घरच्या बाईने मळायची. मी मळायला बसले. कणीक घट्ट होती, खांदे भरून आले. भाजीसाठी चिरलेली वांगी समोर परातीत होती, आणि मला रस्त्याच्या कडेला उलटलेली ती वांगी आठवली. त्या बाजारावर त्यांचा आठवडा चालायचा. ना दीर कधी त्याबद्दल बोलला, ना जाऊ. मीही विचारलं नव्हतं. मी कपाशीचं नुकसान धरून बसले होते.

उपकार जाणायला आधी मन बरं व्हावं लागतं, असं मला वाटायचं. तसं नसतं. माझं मन काही बरं झालं नव्हतं. हात कणकेत होते आणि ध्यानात आलं, एवढंच.

मारोतीपुढे रोडगा ठेवला. मग रीतीप्रमाणे आधी पुरुषांना वाढायचं. मी पहिलं ताट जावेपुढे ठेवलं. घरच्या माणसाचे आमच्यात आभार मानत नाहीत. मानले तर परकं केलं असं वाटतं.

तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एक घास खाल्ला.

"भाजीत मीठ कमी हाये."

"खाय मुकाट्यानं."

म्हाताऱ्याला रोडगा फोडता येईना. दिराने फोडून दिला, वर तूप ओतलं.

धुऱ्याचा वाद मिटलेला नाही. आता समोरासमोर भांडतो. पंपाला मी सुतळीने एक तार बांधून ठेवली आहे, नोझल तुंबलं तर घालायला. फवारणी आता दीर करतो, दोन्ही वावरांची.

म्हातारा दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतो. निम्म्या खाली सांडतात. जगला तो.