अध्यक्षांच्या वडिलांचा खांदा

आता कोणत्या तोंडानं सांगू, पण सांगतो. मी शिकवलेलंच माझ्या अंगाशी आलं.

घनसावंगीकडच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो. नोकरी कच्ची. ती पक्की करायची तर संस्थेच्या अध्यक्षांची सही पाहिजे, आणि सही काही होईना. झोप उडाली होती बघा.

नववीच्या पोरांना मात्र मी रोज दामटून सांगायचो, "ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा न्हाई. सांगणारा तिथं होता का, ते आधी विचारा."

आमच्या अध्यक्षांना एक गोष्ट सांगायची लई हौस. मुक्तिसंग्रामात त्यांच्या वडिलांनी निजामाच्या पोलिसांची गोळी खांद्यावर झेलली. वडिलांच्याच तोंडून ऐकलेली. मी म्हणलं, साहेबांना खूश करायचा हाच मोका. नववीतली वैष्णवी नावाची हुशार पोरगी धाडली त्यांच्या म्हाताऱ्या आईची मुलाखत घ्यायला, आणि मुक्तिसंग्राम दिनाला तिचं भाषण ठेवलं. आधी एकदा ऐकून घ्यावं, एवढी अक्कल मला कुठली?

सूत्रसंचालन माझंच. मी त्या गोळीचं असं वर्णन केलं म्हणता! रक्ताची धार लागली, सदरा भिजला, तरी हातातला झेंडा सुटला न्हाई. अध्यक्षांचे डोळे पाणावले. मी मनातल्या मनात पेढे वाटून राह्यलो.

तेवढ्यात वैष्णवी कानाशी आली. "सर, ती गोळी नव्हती. बैलानं शिंग मारल्तं."

मी माईक हातानं झाकला. "कोण म्हणलं?"

"आजी. लग्नानंतरची गोष्ट हाय. जखमेत हळद त्यांनीच भरली."

"बाई, तेवढं खांद्याचं गाळ. पाया पडतो तुझ्या."

"पुरावा गाळायचा न्हाई, तुम्हीच तर म्हणता सर."

आणि गेली की माईकवर. सगळं सांगितलं, बैलाच्या रंगासकट. पहिल्या रांगेतली आजी मान हलवून म्हणते, "बराबर हाय पोरीचं."

अध्यक्षांनी आधी आईकडं बघितलं, मंग माझ्याकडं. "सर, तो भिजलेला सदरा तुम्ही कुठं बघितला?"

मी घाईघाईनं आभारप्रदर्शन उरकलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. राजीनामा खिशात घालूनच गेल्तो. अध्यक्षांनी कागदावर सही ठोकली आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "कायम करा ह्यांना. पोरगी चांगली तयार केली, मानलं पाहिजे. पण इतिहास देऊ नका, भूगोल द्या. डोंगरातून तरी रक्त काढणार न्हाईत."