काळ्या भिंतीवरचा चेहरा

जळगावला गाडी पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. खानदेश म्हणजे ऊन, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून पुण्याहून निघताना मी एक पातळ शाल तेवढी घेतली होती. जानेवारीतल्या त्या सकाळी फलाटावर पाय ठेवल्याबरोबर माझी चूक माझ्या लक्षात आली. मालधक्क्याच्या बाजूला डब्यांत केळी भरणं चाललं होतं आणि कच्च्या केळीचा चिकट, हिरवा वास थेट आमच्यापर्यंत येत होता. अरविंदने कॅमेरा गोधडीत गुंडाळून पोटाशी धरला होता. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आजारी मूल घेऊन माणूस दवाखान्यात निघालाय.

आम्ही एका टेलिफिल्मसाठी जागा बघायला आलो होतो. अरविंद दिग्दर्शक, पटकथा माझी. मूळ गोष्ट परदेशी आणि जुनी. उत्तरेकडच्या एका उजाड समुद्रकाठी एक मोजणीदार जमीन मोजायला जातो, आणि मोजता मोजता त्याला कळतं की आपण उभे आहोत ती जमीन नाहीच. ते काहीतरी आहे. माणसाच्या आधीपासूनचं, अफाट, आणि माणूस नावाचा प्राणी आहे याचा त्याला पत्ताही नाही. ते दुष्ट नाही, रागावलेलं नाही. नुसतं आहे. लेखक दर दोन पानांनी लिहितो की जे दिसलं ते शब्दांत सांगण्यासारखं नव्हतं. कागदावर हे खपून जातं. पडद्यावर काहीतरी दाखवावंच लागतं. निर्मात्याने तर स्पष्टच सांगितलं होतं, 'मला राक्षस पाहिजे, नाहीतर राक्षसाशिवाय लोक घाबरतील असं काहीतरी आणून दाखवा.' मला राक्षस नको होता. अरविंदचं मन रोज बदलत होतं.

स्टेशनबाहेर रशीदभाई जीप घेऊन उभे होते. पस्तिशीचे, सडपातळ, डोक्यावर लोकरीची टोपी. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देणारे. जीप त्यांची स्वतःची होती आणि तिच्याशी ते आमच्यापेक्षा जास्त बोलत.

पहिला दिवस फैजपूरकडे गेला. मैलोगणती केळीच्या बागा. आत शिरलं की ऊन हिरवं होऊन अंगावर पडायचं, पायाखाली पाटाचं पाणी. अरविंद अर्धा तास आत फिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "इथे भीती वाटणार नाही. इथे भूक लागते." बागेच्या मालकाने लगेच बांधावर जेवायला बसवलं. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), कांद्याची पात. तिखटाने माझे डोळे गळत होते. गावातल्या नाटकमंडळीतले एक हौशी नट खास भेटायला आले होते. अरविंदने त्यांना केळीकडे बोट दाखवून सांगितलं, "समजा, तिथे तुम्हाला असं काही दिसलंय की जे माणसाने कधी पाहिलेलं नाही." त्यांनी छातीवर हात मारून अशी आरोळी ठोकली की दोन मजूर कोयते घेऊन धावत आले. कॅमेऱ्याच्या काचेतून पाहणारा अरविंद नुसताच मान हलवत राहिला.

परतताना रशीदभाईंनी चहासाठी नशिराबादला घरी नेलं. तिथे त्यांची आई भेटली, हलीमाबी. बुटक्या, गोऱ्या, दातांत सुपारी. मला पाटावर बसवून त्यांनी आधी अरविंदकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"ये तेरा घरवाला?"

"नाही, अम्मा. आम्ही बरोबर काम करतो."

"अच्छा है. घरवाले के साथ काम नै होता."

उद्या आम्ही पिंपळनेरच्या बाजूला जाणार हे कळल्यावर त्यांनी विचारलं, त्यांनाही नेता येईल का. धाकटी मुलगी शमीम तिकडे दिली होती, कित्येक महिन्यांत भेट नव्हती. रशीदभाई ओशाळले. "सायबांचं काम आहे, अम्मी." अरविंद म्हणाला, "या की. मागची सीट रिकामीच असते."

दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या रस्त्याने आम्ही धुळ्याकडे निघालो. मी आणि अम्मा मागे, मध्ये लोणच्याची बरणी. खड्डा आला की अम्मा आधी बरणी धरायच्या, मग मला. धुळ्यात शेवभाजी खाल्ली. वर लाल तेलाचा तवंग, आत जाड शेव. अरविंदने पहिल्या घासालाच पाण्याचा पेला संपवला. अम्मांनी त्याच्या ताटात गुपचूप गूळ सरकवला.

धुळं मागे पडलं तशी झाडं विरळ झाली. कसला सिनेमा, असं अम्मांनी विचारलं, म्हणून मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली.

"उसकू मालूमच नै, कि हम हैं?"

"नाही."

"और कुछ करता भी नै?"

"मुद्दाम काही करत नाही."

"फिर डरने का क्या? मेरी सास कू भी मालूम नै था, मैं घर में हूँ."

रशीदभाई पुढे पहिल्यांदा हसले. अरविंदने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू चूक माझ्या पटकथेचीच.

साक्री ओलांडल्यावर त्या भिंती दिसल्या. उघड्या माळावर काळ्या दगडाची एक भिंत, कुणी एकावर एक चिरे रचावेत तशी, शेतांतून, नाल्यांतून, टेकडीवर चढून पलीकडे गेलेली. मग दुसरी. भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की जमिनीच्या भेगांत शिरलेला लाव्हा थिजला आणि भोवतालची जमीन झिजून गेल्यावर तो असा उघडा पडला. ते सगळं मला ठाऊक होतं. तरी पहिल्यांदा पाहताना मनात एवढंच आलं, की हे कुणीतरी बांधलंय आणि बांधून निघून गेलंय. अरविंदने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग म्हणाला, "सापडलं."

दुपार कलत होती. रशीदभाईंनी जीप रस्ता सोडून चढावर घेतली आणि भिंतीपासून थोडी खाली उभी केली. अम्मा सीटवर आडव्या होऊन झोपल्या होत्या, तोंडावर ओढणी. रशीदभाईंच्या जीपचा हँडब्रेक ढिला होता; उतारावर ते नेहमी चाकाला दगड लावत. अरविंद वरून हाका मारत होता, "चला, चला, ऊन जातंय!" हाताला आला तो दगड त्यांनी चाकाखाली सारला आणि आमच्या मागे चढले.

अरविंदला भिंतीवर उभा माणूस केवढा दिसतो ते बघायचं होतं. त्याने रशीदभाईंना वर चढवलं. आम्ही खाली, त्यांच्यासमोर. आमची पाठ जीपकडे होती. "काही करू नका, नुसतं लांब बघा," अरविंद म्हणाला. टोपी नीट करत रशीदभाई लाजून हसले. कॅमेरा सुरू झाला.

ते हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर तसंच राहिलं. मग तोंड किंचित उघडलं आणि आवाज आला नाही. उजवा हात पुढे झाला, वाहतूक थांबवतात तसा, आणि हवेतच थांबला. अरविंद काचेला डोळा लावून पुटपुटत होता, "वा, रशीदभाई. वा. असंच."

मी मागे वळले. जीप चालली होती. इंजिन बंद, त्यामुळे काही आवाज नाही. चाकाखाली सारलेला तो दगड म्हणजे मुरमाचं ढेकूळ होतं, त्याचा भुगा झाला होता. उतार संपत होता तिथे नाल्याचा खडा कडा होता, आणि जीप घाई नसल्यासारखी तिकडे निघाली होती.

रशीदभाईंनी भिंतीवरून उडी टाकली, पडले, उठले, धावले. मीही धावले. पायांत येणारी पऱ्हाटीची धसकटं आठवतात, आणि मी मोठ्याने काहीतरी ओरडत होते, कदाचित अम्मांना हाक मारत होते. जीप बांधावर आदळली, एका बाजूला कलली, वळली आणि पऱ्हाटीच्या मोठ्या ढिगात निम्मी घुसून थांबली. कड्यापर्यंत फार अंतर उरलं नव्हतं.

शेतातून एक म्हातारा आणि त्याची बायको पळत आली. "काय व्हयनं? कोनी गाडी शे हाई?" (काय झालं? कुणाची गाडी आहे ही?) असं म्हणत म्हातारीने आत डोकं घातलं. "माय, तुले लागनं नही ना?" (आई, तुला लागलं नाही ना?)

अम्मा उठून बसल्या होत्या. कपाळावर टेंगूळ, अंगभर लोणच्याचं तेल. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"पिंपळनेर आया क्या?"

रशीदभाईंनी त्यांना हातसुद्धा लावला नाही. चाकापाशी खाली बसून ते ओरडले, "नीचे उतरके सोने कू क्या हुआ था तुमकू?" मग चाकाचा एक एक नट-बोल्ट हाताने चाचपत राहिले. अम्मा माझ्या हाताला धरून उतरल्या. "देख," त्या मला म्हणाल्या, "पहले गाडी कू पूछता." म्हातारीने लोट्यात पाणी आणलं. तिचा म्हातारा "बठ्ठं ठीक शे, बठ्ठं ठीक शे" (सगळं ठीक आहे) असं रशीदभाईंच्या पाठीवर थापटत म्हणत राहिला.

अरविंद सगळ्यांत शेवटी खाली आला. कॅमेरा खांद्यावर होता आणि त्याचा लाल दिवा अजून चालू होता.

म्हाताऱ्याच्या मदतीने जीप ढिगातून ओढून काढली आणि आम्ही पिंपळनेर गाठलं. शमीमच्या घरी दिवेलागणीला चहा झाला. हळद लावलेलं कपाळ घेऊन अम्मा नातवाला मांडीवर घेऊन बसल्या. अरविंदने मला ओसरीत बोलावलं. "हा एक शॉट दाखवला," तो हळू आवाजात म्हणाला, "तर जन्मात कुणी आपल्याकडे राक्षस मागणार नाही." ते खरं होतं. इतकी वर्षं मी जे लिहायचा प्रयत्न करत होते, ते त्या फितीवर होतं.

"त्यांना विचार," मी म्हटलं.

तो आत गेला आणि त्याने सरळ सांगितलं. "रशीदभाई, मघाशी मी कॅमेरा बंद केला नाही. आधी वाटलं, तुम्ही अभिनय करताय. मग कळलं. कळल्यावरही खाली घेतला नाही. तुम्ही हो म्हणालात तरच हे वापरीन."

रशीदभाईंनी बशी खाली ठेवली. "पुसून टाका, साहेब. माणसाचं असं तोंड लोकांनी बघायचं नसतं."

"ठीक आहे," अरविंद म्हणाला. त्याला ते सोपं गेलं नाही.

"ठैरो," अम्मा म्हणाल्या. "पहले मेरे कू दिखाव."

शमीमच्या नवऱ्याने टीव्हीच्या मागे वायरी जोडायला मदत केली. भिंत आली, आभाळ आलं, टोपी नीट करणारे रशीदभाई आले. जीप चित्रात कुठेच नव्हती. एका माणसाचा चेहरा, आणि त्याच्यासमोर जे काय आहे ते आमच्या बाजूला, म्हणजे जिथे आता अम्मा बसल्या होत्या तिथे.

"फिरसे," अम्मा म्हणाल्या.

दुसऱ्यांदा पाहताना त्या टीव्हीच्या अगदी जवळ सरकल्या. बघून झाल्यावर त्यांनी स्वतःच हात लांब करून टीव्ही बंद केला.

"तेरे अब्बा गए तब भी तू रोया नै," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मैं समझी, इसकू कुछ लगताच नै."

रशीदभाई उठले. "गाडीचं पाणी बघतो," म्हणाले आणि बाहेर गेले.

अम्मांनी अरविंदपुढे हात केला. "ये किसी कू नै दिखाना. मिटाना भी नै. ये मेरा है."

त्यांच्या घरी टीव्हीसुद्धा नव्हता. अरविंदने कॅसेट काढली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती ओढणीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली.

दोन दिवसांनी रशीदभाईंनी आम्हाला जळगाव स्टेशनवर सोडलं. अम्मा मुलीकडेच राहिल्या होत्या. निरोप घेताना रशीदभाई अरविंदचा हात जरा जास्त वेळ धरून राहिले. गाडी सुटल्यावर अरविंद खिडकीशी बसून म्हणाला, "आता काय दाखवायचं?" मी त्याला सांगितलं की मी गोष्ट बदलणार आहे. मोजणीदाराला मी एक बहीण देणार होते. तो वर चढेल तेव्हा ती खाली बैलगाडीत झोपलेली असेल. अफाट, मुकं, आपली दखलही न घेणारं असं जगात काहीतरी असेल. पण नुसत्या रिकाम्या माळाकडे बघून मला आजवर कधी भीती वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली, कारण उतारावर अम्मा होत्या. हे समजायला मला खानदेशात जावं लागलं.

निर्माता कुरकुरला, पण तयार झाला. पुढच्या हिवाळ्यात त्याच भिंतीवर चित्रण झालं. नट मुंबईचा होता, चांगला होता, रशीदभाईंइतका नव्हता. टेलिफिल्म लागली तेव्हा मी पुण्यात आईशेजारी बसून पाहिली. मोजणीदार भिंतीवर उभा राहिला, त्याचा चेहरा बदलला.

"ह्याला काय दिसलं गं?" आईने विचारलं.

"ते दाखवलेलं नाही."

"आणि ती खाली झोपलीय, तिचं काय?" आई पुढे सरकली. "अगं, हा धावत का नाही?"

मूळ गोष्टीत तो धावत नाही. तिथल्या तिथे त्याला वेड लागतं, आणि गोष्ट संपते.

"थांब जरा," मी म्हटलं. "धावेल आता."