एसटीतला समुद्र

परंडा-कुर्डुवाडी एसटीत तो मला एकदाच भेटला. शेजारची सीट रिकामी, तरी हा पठ्ठ्या मधोमध पाय फाकवून, हात मागं बांधून उभा! खड्ड्यात आम्ही बसलेले उडत होतो, तो नुसता डुलत होता.

"बसा की पाव्हणं," कंडक्टर वैतागला.

"म्या नौदलाचा राखीव खलाशी. सरावाचं बोलावणं आलंय. सराव पुरा झाल्याबिगर बढती न्हाय, नियमच हाय. परंड्यात समुद्र कुठनं आणू? म्हून एसटीतच बोटीवानी तोल साधतुया."

मग काय, सगळी बसच हात सोडून उभी राहिली. मीसुद्धा! पहिल्याच वळणाला आम्ही एकमेकांच्या अंगावर, खलाशी कंडक्टरच्या अंगावर, अन् हसून हसून पोट दुखेस्तोवर गोंधळ.

हलली नाही ती फक्त उतरायला उठलेली आजी. दोन्ही हातांत दह्याचं गाडगं, थेंब सांडला नव्हता.

खलाशानं तिला कडक सलाम ठोकला. "आजी, आधी तुमची बढती!"

"बढती ठेव तुला. घंटी वाजीव, माजं गाव आलं."

त्यानं दोरी ओढली. ओढताना दुसऱ्या हातानं गुपचूप दांडी धरली.

ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माणसाच्या बढतीचा प्रश्न होता.