धामणीचं कामठं

नाशिकहून पहाटेची गाडी पकडून मी दहाच्या सुमारास अमळनेरला उतरले. एका मैदानावर आदिवासी कलांचं प्रदर्शन भरलं होतं. मला पाहायचं होतं फक्त कामठं (धनुष्य) कसं घडतं ते.

शिरपूरच्या वरच्या पाड्यावरून आलेले गुलाबनाना मांडवाच्या कडेला, उन्हातच बसले होते. साठीचे, सडपातळ. पायाच्या अंगठ्यात धामणीचं लाकूड दाबून ते वाकसाने (सुताराच्या छोट्या कुऱ्हाडीने) तासत होते. दर चार घावांनी लाकूड डोळ्यांसमोर धरायचे, वाकवून बघायचे, पुन्हा तासायचे.

"नाना, मोजमाप?"

"हात शे ना (आहे ना)," ते हसून म्हणाले.

जेवणाची वेळ झाली. स्वयंसेवक सांगून गेला, "कारागिरांचं पाहुण्यांनंतर." नानांनी फडकं सोडलं, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) मोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली. लसणीच्या चटणीने डोळ्यांत पाणी आलं. संताप तेव्हापासूनच चढायला लागला होता.

तीन वाजता कामठं तयार झालं. बांबूच्या सालीची दोरी चढवून नानांनी बोटाने छेडली, ती गुणगुणली. एवढ्यात प्रमुख पाहुणे आले. मागे सूत्रसंचालक, कॅमेरेवाले. पाहुण्यांनी कामठं उचललं.

"साहेब, बाण लावा," नाना म्हणाले. "रिकामी दोरी सोडानी नही. झटका लाकूडलेच बसस."

"फोटोपुरतं हो!"

"साहेब, नही!" नाना हात वर करून ओरडत उठले.

दोरी सुटली. काड् असा आवाज झाला आणि कामठं मधोमध तुटलं.

सूत्रसंचालक माइकवर हसला, "माल कच्चा निघाला वाटतं!" लोकही हसले. पाहुण्यांनी तुकडे टेबलावर ठेवून हात झटकले.

मी उभी राहिले. "माल कच्चा नव्हता! त्यांनी दोनदा नको म्हणून सांगितलं होतं."

"मॅडम, बसून घ्या," सूत्रसंचालक म्हणाला. " नाना, दुसरं करा पटकन, साहेब अर्धा तास आहेत."

नानांनी वाकस फडक्यात गुंडाळलं, तुकडे पिशवीत घातले आणि ते चालू लागले. मीही निघाले.

शिरपूरच्या एसटीची वाट पाहताना मी म्हटलं, "एवढी मेहनत वाया गेली, नाना."

"कामठं तुटनं, तेनं काय नही. आखो करसू (पुन्हा करीन)." मग त्यांनी पिशवीतले तुकडे नीट लावले. "मी सांगेल व्हतं, बाई. कोनी ऐकंच नही."

नाशिकला घरी पोचते तोच फोनवर प्रदर्शनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फोटो आला. साहेबांनी दोरी ताणली आहे, सगळे हसताहेत. कोपऱ्यात नाना, एक हात वर केलेला. खाली लिहिलंय, 'पाहुण्यांना आशीर्वाद देताना ज्येष्ठ कारागीर.'

मी उत्तर लिहिलं, 'आशीर्वाद नाही. ते थांबवत होते.'

सकाळी पाहिलं, तर कुणीतरी माझ्या ओळीलाही हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.