वासाचा रकाना

"तिका मराठी कळना नाय, तू बोल," माझ्या टाइपरायटरसमोर बसलेल्या माणसाला शेजारचा सोबती म्हणाला.

गॅसच्या विहिरींवर काम करणाऱ्यांच्या तपासणीचे फॉर्म मी दवाखान्यात भरायचे. त्या गॅसवर बहारीनची वीज तयार होते, एवढंच मला ठाऊक होतं. कामगारांशी मी भिडेपोटी इंग्रजीतच बोलायचे. समोर बसलेला हा पन्नाशीचा, कोकणातला. फॉर्म हातात घेण्याआधी त्याने तळवे पँटला पुसले.

"तीन म्हयने झाले, कसलोच वास येना नाय," तो सांगू लागला. "बायलेन सुरंगीची फुला धाडल्यान. कागद हुंगल्यासारखा वाटता."

"डॉक्टराक सांग मरे. इखारी गॅस सुटलो तर तुका कळतला कसा?"

"सांगलंय तर व्हिसा खलास. लेकीच्या नर्सिंगचा एक वर्स ऱ्हवला हा."

त्याने खिशातली पुडी सोडली. सुरंगीचा वास माझ्या टेबलापर्यंत आला. तो मात्र फुलांकडे नुसता पाहत राहिला, मग पुडी जपून बांधून त्याने खिशात ठेवली.

फॉर्मवर वासाचा रकाना होता. मी इंग्रजीत विचारलं.

"ओके, मॅडम. ऑल ओके," तो हसून म्हणाला.

'ओके' टाइप करायला उचललेलं माझं बोट तसंच राहिलं. दोन अक्षरं टाइप केली असती, तर तो संध्याकाळी पुन्हा विहिरीवर गेला असता.

"काका," मी म्हणाले, "डॉक्टरांना तुम्ही सांगता, की मी सांगू?"