सत्कार नको, खडू द्या

औषधांच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या ताई स्वसंरक्षणाच्या वर्गातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. चाकूचा डाव दाखवायचा असला की सर त्यांनाच पुढे बोलवायचे. समोरच्याने लाकडी चाकू धरून हात लांब करायचा आणि तिथेच पुतळ्यासारखं थांबायचं. मग ताई त्याचं मनगट पिरगाळायच्या, चाकू खाली पडायचा आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

एका दुपारी दुकानात खरा चाकू आला. झोपेच्या गोळ्या हव्या असलेल्या माणसाला ताईंनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, एवढंच निमित्त. त्याने एका हाताने त्यांची गळपट्टी धरली आणि दुसऱ्या हातातला चाकू शिवणयंत्राच्या सुईसारखा मागेपुढे सुरू केला. ताई मनगट धरायला गेल्या, तोवर मनगट तिथे नव्हतंच. हात कोपरापर्यंत फाटला. मग कसला डाव नि कसलं काय! त्यांनी स्टूल उचलून त्याच्या पोटात खुपसलं, हाताला लागतील त्या बाटल्या फेकल्या, जिवाच्या आकांताने ओरडल्या आणि मागच्या दाराने पळून बाहेरून कडी घातली. ओरडा ऐकून जमलेल्या लोकांनी त्याला धरला.

ताई वाचल्या, पण डाव्या हाताची दोन बोटं वळायची बंद झाली.

हात गळ्यात असतानाच सरांनी सत्कार ठरवला. आपल्या डावानेच जीव वाचला, एवढं सांगा, म्हणाले. नवराही म्हणाला की चार शब्द बोलून मोकळी हो, उगाच वाकडेपणा कशाला.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. ताईंनी शाल घेतली नाही, माइक घेतला.

"डावाने मला वाचवलं नाही. मनगट धरायला गेले म्हणूनच हात कापला गेला. मला वाचवलं ते स्टुलाने, ओरडण्याने आणि मागच्या दाराने."

सरांनी हसून वेळ मारून नेली. ताई अजून धक्क्यातून सावरल्या नाहीत, असं त्यांनी लोकांना समजावलं. ते मात्र ताईंना झोंबलं. त्यांची नणंदही त्याच वर्गात होती. तिला पुढे बोलावून त्यांनी तिच्या हातात फळ्यावरचा खडू दिला, हा चाकू समज आणि हात मध्ये कुठेही थांबवू नकोस, असं बजावलं. मग सरांकडे वळल्या.

"धरा मनगट."

सरांनी धरलं, नाही असं नाही. पण तोवर त्यांच्या काळ्या गणवेशावर पोटापासून मानेपर्यंत पांढऱ्या रेघाच रेघा उमटल्या होत्या.

"पोरींचा धीर खचवताय तुम्ही," सर हळूच म्हणाले. "घाबरून उद्या येणार नाहीत."

"घाबरू देत," ताई म्हणाल्या. "घाबरलेली पोरगी पळेल तरी. तुमचा धीर घेऊन ती मनगट शोधत बसेल."

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या भिंतीवरून ताईंचा फोटो उतरला. ताई पळपुटेपणा शिकवतात, असं सर सांगत सुटले. ताईंनी त्याला भीक घातली नाही. उलट दुकानाच्या दारावर स्वतःच पाटी लावली : पळपुट्यांचा वर्ग, सुट्टीच्या दिवशी, मागच्या गोदामात.

गोदामात ना गादी, ना गणवेश. खोक्यांच्या अडचणीतच सगळं चालायचं. आधी ओरडायला शिकायचं. बायकांना तेच जड जायचं, तोंडाला पदर लावून हसत बसायच्या. मग पर्स तोंडावर फेकून दाराकडे धावायचं, खुर्ची मध्ये धरायची, आणि शेवटी खडू कुठे कुठे लागला ते लपवाछपवी न करता दाखवायचं. खडू सगळ्यांनाच लागायचा. ताईंनाही लागायचा, आणि त्या आधी आपलेच डाग दाखवायच्या.

एकदा सासूबाई काठी टेकत आल्या.

"माझे गुडघे गेलेत. मला काही पळता यायचं नाही. मी काय करू?"

वाटेल ते सांगून म्हातारीला खूश करणं सोपं होतं.

"पळता येत नसेल तर मार बसेल, आई. पण फुकट बसू द्यायचा नाही."

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. सासूबाईंनी काठी नणंदेकडे दिली, खुर्ची दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि खडू घेतलेल्या सुनेला म्हणाल्या, "ये बघू."