भिंतीची घरपट्टी

कुठल्याही घरात शिरले की सरपंच बोटांच्या पेरांनी भिंत ठोकायचे आणि विचारायचे, "वहिनीनू, ह्या भिंतीची घरपट्टी कोण भरता?"

मुलांनो, कुवेतमध्ये याचं उत्तर ठरलेलं होतं. कोणीच नाही.

"मगे घर कोणाचा, ह्या कळतला कसा?"

मी ज्या सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये होते, तिथेच ते एसी दुरुस्त करायचे. राहायचे कुवेतच्याच शुवैख भागात, एका खोलीत दाटीवाटीने. कोकणातल्या गावी ते ग्रामपंचायतीचे पंच होते, घरपट्टीच्या वसुलीला दारोदार हिंडलेले. म्हणून आम्ही त्यांना सरपंच म्हणायचो. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तुमच्या काउंटीच्या इमारतींना कर का नसतो? तेव्हा मला सरपंच आठवले. काउंटी म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषदच म्हणा.

त्यांच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचं छप्पर कोसळलं. सरपंच कुवेतमध्ये, त्यामुळे त्यांचं घर बंदच होतं. वर्ग भरवायला त्यांनी ते फुकट देऊन टाकलं. मग सुट्टीवरून परतलेल्या एका गाववाल्याने निरोप आणला : घरात परिषदेची शाळा भरते, म्हणून पंचायतीने घरपट्टी माफ केली.

"पेढे काढा, सरपंच!" तुमचे आजोबा म्हणाले.

सरपंचांनी पुढ्यातला चहा उचललाच नाही. "पंचायतीच्या कागदावर माझा नाव रवतला?"

मी समजावलं, माफी वापराला असते, मालकी कुठे जात नाही.

"ता कायद्यात, वहिनीनू. गावात जो घरपट्टी भरता, घर तेचा. पंच असताना मियाच लोकांका असा सांगून वसुली केलंय!"

कुवेतमध्ये परक्याला घर घेता येत नव्हतं. त्यांचं म्हणण्यासारखं जगात तेवढंच एक घर होतं.

सुट्टी मिळताच ते गावी गेले. परतले ते खुशीत. घरातलं स्वयंपाकघर त्यांनी शाळेकडून मागून घेतलं, त्याला स्वतःचं कुलूप लावलं आणि तेवढ्यावर घरपट्टी बसवून घेतली. बाकीचं घर शाळेचं, माफीतलं. "चुलीपुरतो मीच मालक."

नोकरी संपवून ते गावी गेले. पुढे एका सुट्टीत आम्ही त्यांना भेटायला गेलो, तर ते त्या स्वयंपाकघरातच राहत होते. चुलीशेजारी खाट, खुंटीवर कुवेतची बॅग. नव्या शाळेचा पत्ता नव्हता.

"आता घर परत मागा की," आजोबा म्हणाले.

"मागलंय तर देतले. पण पोरां खंय बसतली?"

बोलता बोलता जुन्या सवयीने त्यांनी भिंत ठोकली. या वेळी मीच विचारलं, "याची घरपट्टी कोण भरतं, सरपंच?"

त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून टकटक आली. मग आणखी एक. मग साऱ्या वर्गाची.

"गप रवा रे, पाहुणे इलेत!" ते ओरडले.

पलीकडे शांत झालं. सरपंच आमच्याकडे पाहून हसले आणि त्यांनी हळूच पुन्हा भिंत ठोकली.